पंचांगातल्या चित्राचा लाकडी ठसा हातात आला तर आधी काय बघायचं

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. काळा पडलेला लाकडी ठोकळा, त्यावर हत्तीवर बसलेली एक बाई, हातात कसलंतरी शस्त्र आणि खाली लिहिलेलं, “पंचांगाचा ठसा, २०० वर्षं जुना, जुन्या बाजारात मिळाला.” तळमजल्यावरच्या काकांनी टाकला होता. मग लगेच सगळ्यांचे प्रश्न सुरू, हे नक्की असतं काय, चित्र उलटं का आहे, घासून चकचकीत केला तर चालेल का, किती पैसे येतील वगैरे. मला यातलं थोडंफार कळतं ते माझ्या मामांमुळे, ते शनिवार पेठेत एका छापखान्यात तीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवणारे, होते आणि लहानपणी सुट्टीत मी तिथेच खिळ्यांच्या खणांशेजारी बसून असायचे. म्हणून संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक नाही, तीन ठोकळे काढून टेबलावर मांडले, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीचे निघाले. ग्रुपवर टाइप करत बसण्यापेक्षा नीट लिहिलेलं बरं, म्हणून हे लिहिते आहे, कारण पुण्यात अशा वस्तू अजूनही निघतात, वाडे पाडताना माळ्यावर सापडतात, आणि माहिती नसल्यामुळे चांगल्या वस्तूची वाट लागते.

आधी अगदी मुळातलं, ठसा छापतो कसा

बँकेतला रबरी शिक्का डोळ्यांपुढे आणा. त्यात अक्षरं वर आलेली असतात, आजूबाजूचं रबर खाली गेलेलं असतं, शाई फक्त वरच्या भागाला लागते आणि तीच कागदावर उतरते. लाकडी ठसा म्हणजे हेच, फक्त रबराऐवजी लाकूड. कोरणारा माणूस काळी रेघ कोरत नाही, तो रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकतो आणि रेघ उभी ठेवतो. हत्तीच्या डोळ्याभोवतीची केसाएवढी रेघ म्हणजे तेवढीच केसाएवढी लाकडाची भिंत, दोन्हीकडून लाकूड काढून शिल्लक ठेवलेली. हात एकदा सटकला की ती भिंत गेली. आणि हे सगळं उलटं, आरशात दिसतं तसं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलटं येतं.

याच्या बरोबर उलट पद्धत तांब्याच्या पत्र्याची. तिथे रेघ खरोखर खोल कोरतात, शाई त्या खाचेत भरतात, वरचा पत्रा पुसून घेतात आणि ओलसर कागद जबरदस्त दाबाने त्यावर दाबतात म्हणजे खाचेतली शाई कागद ओढून घेतो. फरशी पुसली तरी फटीत मळ राहतो ना, तसं. म्हणून “प्लेट” आणि “ब्लॉक” हे दोन शब्द विक्रेते सरसकट एकासाठी एक वापरतात ते चूक आहे, प्लेट म्हणजे धातूचा पत्रा आणि ब्लॉक म्हणजे ठोकळा.

तिसरी पद्धत शिळाछापाची. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहायचं किंवा चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. अळूच्या पानावर जसं पाणी थांबत नाही तसं त्या तेलकट जागेवर पाणी थांबत नाही, आणि छपाईची शाई नेमकी तिथेच चिकटते. इथे कोरणं नाहीच, सगळं सपाट.

मग पंचांगवाल्यांनी लाकूडच का घेतलं

कारण पैसे. पंचांग ही घराघरात जाणारी, वर्ष संपलं की टाकून द्यायची स्वस्त वस्तू. त्यात तिथी-नक्षत्रांची कोष्टकं असतात, नुसते आकडेच आकडे, आणि ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवायची. आता खिळे हे वर आलेले असतात, लाकडी ठसाही वर आलेला असतो, म्हणजे दोघांना एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात मजकूर आणि चित्र दोन्ही छापता येतात. तांब्याचा पत्रा घेतला असता तर तो कागद दुसऱ्या यंत्रावर परत चालवावा लागला असता, म्हणजे वेळ दुप्पट आणि खर्च दुप्पट. फक्त एक अट, ठोकळ्याची जाडी खिळ्याच्या उंचीएवढीच पाहिजे. इंग्रजी पद्धतीच्या खिळ्याची उंची असते साधारण २३.३ मिलिमीटर, इंचापेक्षा थोडी कमी. ठसा अर्धा मिलिमीटर खाली गेला तर चित्र फिकट येतं, वर राहिला तर कागद फाटतो. म्हणून मामा ठशाच्या पाठीला वर्तमानपत्राचे कपटे चिकटवायचे, एक, मग अजून अर्धा, मग प्रूफ काढून परत बघायचे. काकांच्या हत्तीच्या ठोकळ्याच्या पाठीला असेच दोन पिवळे कपटे मला दिसले आणि खरं सांगते, पोटात काहीतरी हललं, कारण हे कोणी शोभेसाठी करत नाही, हे त्याच्यावर काम केलेल्या माणसाच्या हातचं आहे.

लाकूड आडवं की उभं, फरक इथेच आहे

पोळपाट किंवा भाजी चिरायचा पाट आडव्या फळीचा असतो, लाकडाचे धागे त्यावर लांबच्या लांब पसरलेले दिसतात. खाटकाचा ओंडका मात्र खोडाचा आडवा काप असतो, त्यावर वर्तुळं दिसतात आणि धागे खाली जमिनीकडे उभे गेलेले असतात. म्हणूनच तो सत्तूरचे घाव वर्षानुवर्षं सोसतो आणि फळी उभी चिरते.

ठशातही हेच दोन प्रकार. जुनी पद्धत फळीवर सुरीने कोरायची, त्यात रेघा जाडसर राहतात, बारीक करायला गेलं तर धाग्याच्या दिशेने ढलपी उडते. दुसरी पद्धत आडव्या कापावर, बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडावर, तांबं कोरायच्या टोकदार हत्याराने कोरायची. ती नावारूपाला आणली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइकने, त्याचं चतुष्पाद प्राण्यांचं पुस्तक १७९० मध्ये आलं. या पद्धतीत पिसाची, लोकरीची रेघन् रेघ कोरता येते आणि तरी ठसा हजारो प्रतींना पुरतो. अडचण एवढीच की बॉक्सवुडचं झाड बारीक, त्याचा आडवा काप तळहाताएवढाच मिळतो. मोठं चित्र हवं असेल तर लहान तुकडे जोडूनच ठोकळा करावा लागतो. ही जोडाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही पंचांगं कुठली, आपलीच का

ब्रिटिशांच्या वसाहती जिथे जिथे होत्या तिथे पंचांग हे बहुतेक सगळ्यात जास्त खपणारं छापील पुस्तक होतं. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत पहिला छापखाना मॅसाच्युसेट्समधल्या केंब्रिजला निघाला आणि तिथून १६३९ मध्ये पंचांग बाहेर पडलं. बॉस्टनच्या जॉन फॉस्टरने १६७८ च्या पंचांगात एका उघड्या माणसाचं चित्र छापलं, त्याच्या डोक्याशी मेष, पावलांशी मीन आणि मधल्या अवयवांना मधल्या राशी. आपल्याकडे ज्योतिषात कालपुरुषाच्या अंगावर राशी मांडतात ना, हुबेहूब तीच मांडणी, मेष डोक्याला आणि मीन पावलांना. चंद्र ज्या राशीत असेल त्या अवयवाला त्या दिवशी शस्त्र लावायचं नाही, रक्त काढायचं नाही, यासाठी लोक ते पान बघायचे. विजेवाले बेंजामिन फ्रँकलिन १७३२ पासून फिलाडेल्फियात पंचांग छापायचे, वर्षाला दहा हजारांच्या आसपास प्रती जायच्या.

आपल्याकडे चित्रांच्या बाबतीत सगळ्यात पुढे बंगाल. कलकत्त्याच्या बटतला भागातल्या छापखान्यांमधून निघणाऱ्या पंचांगांत, तिकडे त्याला पंजिका म्हणतात, दुर्गापूजा, रथयात्रा अशा सणांची लाकडी ठशांची चित्रं असायची. जेम्स लाँग नावाच्या पाद्र्याने १८५७ सालातल्या कलकत्त्याच्या छपाईचा हिशेब मांडला, त्यात पंचांगांच्या प्रती सव्वा लाखाच्या वर भरल्या. त्या काळचे कोरणारे बरेचसे सोनार-लोहार घरातले, धातूवर हात बसलेले. रामधन स्वर्णकार असं नाव चित्रावरच कोरलेलं सापडतं, म्हणजे आडनावच धंदा सांगतं.

मराठीचं जरा वेगळं आहे आणि इथेच काकांची २०० वर्षं गडगडतात. पहिलं छापील मराठी पंचांग मुंबईला गणपत कृष्णाजींनी काढलं १८४१ मध्ये, शके १७६३. म्हणजे मराठी पंचांग छापायला लागूनच अजून २०० वर्षं झालेली नाहीत. शाईत चरबी असते म्हणून छापलेलं पंचांग सोवळ्यात चालणार नाही अशी लोकांची तक्रार होती, म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. आणि मुख्य म्हणजे ते शिळाछाप होतं. दगडावर चित्र काढता येत असताना लाकडाचा ठसा लागतच नाही. पुण्यातही १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली आणि भिंतीवर लावायची देवादिकांची चित्रं शिळाछापावरच निघायला लागली. खिळ्यांनी सुबक छपाई करणारं जावजी दादाजींचं निर्णयसागर मुंबईला सुरू झालं १८६९ मध्ये. म्हणजे मराठी पंचांगासाठीचा लाकडी ठसा कोणी दाखवला तर तो बहुधा खिळ्यांची छपाई रुळल्यानंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा विसाव्याच्या सुरुवातीचा असणार. तो कमी जुना म्हणून कमी मोलाचा असं मला अजिबात वाटत नाही.

हत्तीवरची बाई कोण

ती संक्रांत. पंचांगात दरवर्षी संक्रांतीचं वर्णन असतं, वाहन काय, वस्त्र कुठल्या रंगाचं, हातात काय, कुठून येते आणि कुठे बघते. वाहन ठरतं त्या वेळच्या करणावरून, करण म्हणजे अर्धी तिथी. करणं एकूण ११ आणि त्यांची वाहनंही ११, बव असेल तर सिंह, बालव असेल तर वाघ, गर करण असेल तर हत्ती, विष्टी असेल तर घोडा, असं करत किंस्तुघ्नाला कोंबड्यापर्यंत. आता छापखान्याच्या बाजूने विचार करा. ११ ठसे एकदा कोरून घेतले की दरवर्षीचं काम भागलं, या वर्षी हत्ती लागला तर हत्ती काढायचा, पुढे कधी परत लागला तर परत तोच. चित्र ठरलेलं, वर्ष बदलणारं. काही ठशांत मुद्दाम आरपार खाच ठेवलेली असते, तिच्यात खिळे बसवून बदलता मजकूर घालता यावा म्हणून. म्हणजे हे एकदाच छापायचं चित्र नव्हतंच, हे कढईसारखं, पाटा-वरवंट्यासारखं रोजच्या कामाचं औजार होतं, आणि औजार वाचायचं असतं त्याच्या झिजेवरून.

काकांचे तीन ठोकळे

पहिला ठोकळा होता जाडजूड, वेलबुट्टीचा, पाठीला धरायला मूठ आणि आरपार पाडलेली भोकं. हा कापडाचा ठप्पा, कागदाशी याचा काही संबंध नाही. भोकं हवा जायला असतात, म्हणजे रंग सारखा उतरतो. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त हेच दिसतात आणि “छपाईचा ब्लॉक” म्हणून विकले जातात, आणि शब्दशः ते खरंही आहे.

दुसऱ्यावर गणपती. लाकडाचा ठोकळा, पण वर करड्या धातूचा पत्रा आणि कडेला बारीक चुका ठोकलेल्या. हा जस्ताचा लाइन ब्लॉक, फोटोवरून आम्लाने खाऊन केलेला, यात कोणाच्या हाताने कोरलेलं काही नाही. मामांच्या छापखान्यात हे ढिगाने होते. याच्यासारखंच फसवणारं अजून एक म्हणजे कोरलेल्या ठशावरून तांब्याचा पातळ थर बसवून घेतलेली नक्कल, ती १८४० च्या आसपास निघाली, मूळ ठसा जपून ठेवायचा आणि नकला छपाईला द्यायच्या. त्यामुळे रेघा कितीही हाताच्या दिसल्या तरी आधी ठशाचं तोंड लाकडाचं आहे की धातूचं ते बघा.

तिसरा आपला हत्ती. तोंड लाकडाचंच. कडेला बघितलं तर धागे उभे, वरून खाली गेलेले, म्हणजे आडवा काप. जाडी पट्टीने मोजली, तेवीसच्या थोडी वर. अक्षरं उलटी, “संक्रांत” मधले दोन्ही अनुस्वार सुद्धा उलट बाजूला. हे महत्त्वाचं, कारण शोभेसाठी नव्याने केलेल्या ठोकळ्यांवर अक्षरं कधीकधी सुलटी असतात, ती छापली तर वाचताच येणार नाहीत. रेघांमध्ये वाळून दगड झालेली शाई. आणि दोन तुकड्यांचा जोड, तो हत्तीच्या सोंडेच्या मुळाशी बरोबर उघडलेला, नख जाईल एवढी फट.

वय कसं सांगायचं, कार्बनने का

एवढ्या अलीकडच्या लाकडाला कार्बनचं गणित नीटसं चालत नाही, आणि चाललं तरी ते झाड कधीचं ते सांगेल, कोरलं कधी ते नाही. त्यापेक्षा ठशाच्या जखमा जास्त बोलतात. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ ब्लेअर हेजेस यांनी २००६ मध्ये एक पद्धत मांडली. एकाच लाकडी ठशावरून वेगवेगळ्या वर्षी छापलेली चित्रं शेजारी ठेवून त्यांनी तुटलेल्या रेघा मोजल्या. त्यांना दिसलं की रेघा तुटतात त्या प्रती किती छापल्या त्यावर नाही, ठोकळा किती वर्षं जुना झाला त्यावर, लाकूड वाळतं, आखडतं, तडकतं म्हणून. मग तारखांच्या दोन प्रती हाताशी असतील तर तारीख नसलेली तिसरी त्यांच्यामध्ये कुठे बसते ते काढता येतं. पुढे २०१२ मध्ये त्यांनी भुंग्यांच्या भोकांवर काम केलं. लाकूड पोखरून किडा बाहेर पडतो ते भोक छापलेल्या चित्रात पांढरा ठिपका म्हणून उमटतं, उत्तर युरोपातल्या ठशांत ती भोकं सरासरी १.४ मिलिमीटरची आणि दक्षिणेकडच्या ठशांत २.३ ची, म्हणजे किडा वेगळा. शेकडो वर्षांपूर्वी कुठला किडा कुठे होता हे त्यांनी छापील चित्रांवरून शोधलं! आता तोच ठसा कोणी भोकं बुजवून, पॉलिश मारून ठेवला असता तर?

मग साफ करायचाच नाही का

मऊ कोरडा ब्रश फिरवा, बस. चिंच, लिंबू, साबण, खोबरेल, वॉर्निश यातलं काही नाही. पाण्याने आडवा काप फुगतो आणि बारीक रेघेची भिंत उखडते, तेलाने धूळ कायमची बसते. रेघांमधली वाळलेली शाई हा मळ नाही, ठसा कामात होता याचा तो पुरावा आहे, आणि पाठीचे कपटे तर अजिबात काढू नका, त्यावर छापलेला मजकूर असेल तर कधीकधी त्यावरूनच काळ कळतो. ताजी भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे, ठोकळा बाकीच्या लाकडापासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

एक प्रत छापून बघितली तर काय बिघडतं, असं काकांनी मला तीनदा विचारलं. फट उघडलेल्या ठोकळ्यावर दाब दिला तर ती वाढते, एवढं बिघडतं. त्यापेक्षा संध्याकाळी दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरून फोटो काढा, सगळ्या रेघा सावलीसकट उठून दिसतात. मग फोनमध्येच फोटो डावा-उजवा फिरवा. आम्ही तो फिरवला आणि “संक्रांत” अक्षरं सुलटी झाली, तेव्हा काकूसुद्धा स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

विकायचा असेल तर

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षं किंवा जास्त जुनी अशी कलेची, कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून ऑनलाइन टाकून परदेशी गिऱ्हाइकाला कुरिअर करायचा विचार मनातून काढा. धंदा म्हणून विकायला परवानाही लागतो. माझं म्हणणं, विकण्याआधी निदान कुठे, कोणाकडून, कशाबरोबर मिळाला हे कागदावर लिहून ठशाबरोबर ठेवा. खिळे न लागणारी ऑफसेट छपाई आल्यावर छापखाने बंद झाले तेव्हा शिशाचे खिळे किलोवर वितळायला गेले, ठसे बंबात गेले. मामांनी ते डोळ्यांनी बघितलंय, त्या दिवशी ते जेवले नव्हते असं मामी सांगायची. जे उरले ते असे सुटे, डब्यात, नाव-गाव नसलेले. काकांना विक्रेत्याने एवढंच सांगितलं की वाड्यातून निघालेल्या सामानात होता. तेवढं तरी लिहून घेतलं.

आता ठसा मिळालाय पण त्याचं छापलेलं पान मिळालेलं नाही. घरी आजोबा-पणजोबांची जुनी पंचांगं ट्रंकेत असतील तर एवढं करा, संक्रांतीचं पान काढा. वाहन हत्ती असेल तर सोंडेच्या मुळाशी बघा, उभी पांढरी चीर गेलेली दिसते का, सुईएवढी बारीक. दिसली तर वरचं शक बघून ठेवा, आणि त्याच ठशाचं दुसरं एखादं पान मिळालं, जिथे चीर अजून पडलेली नाही, तर त्याचंही.